तिसऱ्या बाईचं बोट

आख्ख्या जन्मात तुला एकदाच फोटो काढून घ्यायचा होता, तर त्याला दुसरा दिवस सापडला नाही का? जत्रेत फोटोवाला यायचा, रंगवलेल्या पडद्यापुढं बसवायचा, शेजारणी हौसेनं नटून जायच्या, आणि तू म्हणायचीस, "नगं बाई, आयुष्य कमी हुतं." उभी राहिलीस ती नेमकी त्या दिवशी. आता तो फोटो साताऱ्यात एका भिंतीवर लावलाय, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा मोठा, आणि त्याच्याखाली लिहिलंय ते खोटं आहे. ते खोटं पुसायला गेले आणि मी दुसरं करून आले. म्हणून लिहायला बसले, आये. तू बरी असशील असं धरून चालते. मेलेल्या माणसाला आणखी काय व्हायचंय.

गेल्या दिवाळीपासून मी साताऱ्याला नातीकडं असते. गुडघे गेले, पलूसकडच्या घरात एकटीनं पाणी भरणं जमेना. लेक पुण्यात, त्याला माझी काळजी फोनवर वाटते. नात, म्हणजे माझ्या लेकीची लेक, इथं एका स्मारकात नोकरीला आहे. आपल्या भागातले एक साहेब लय मोठ्या पदाला चढले होते, त्यांच्या माघारी बांधलेली इमारत. खाली ग्रंथालय, वर साहेबांचा चष्मा, काठी, खुर्ची, आलेली-गेलेली पत्रं, सगळं काचेत. महिन्यातल्या एका शनिवारी तिथं लोकांसाठी कार्यक्रम असतो, इतिहास आणि लोकशाही ह्यावर. कुणी प्रोफेसर बोलतात, शाळेच्या पोरी येतात, पुठ्ठ्याची पेटी मांडून त्यांना मत द्यायला शिकवतात. मग चहा, कागदी कपात दोन घोट. दिवसभर घरात भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून मी जाते आणि मागच्या रांगेत बसते. निम्मं कळतं, निम्म्याला डुलकी लागते.

तर गेल्या महिन्यात तिथं पहिल्या निवडणुकीचे जुने फोटो लावले होते, साहेबांच्या ट्रंकेत सापडलेले. मी कप धरून एकेक बघत चालले होते. एका फोटोत तीन बाया. दोघींनी बोट वर धरलंय, बोटावर शाई. तिसरीचा हात पदराखाली. तिच्यापुढं एक शेंबडी पोरगी आणि पोरीच्या कडेवर बाळ. आधी मी बाळ ओळखलं. त्याच्या टोपड्याला घोंगडीचा काठ लावलेला, थंडी होती म्हणून तूच शिवला होतास. मग पोरगी ओळखली. मग मान वर केली तर तू. सत्तर वर्षं उलटून गेली तुझं तोंड बघून. तुझे हात माझ्या ध्यानात होते, चालणं ध्यानात होतं, तोंड कवाच पुसलं होतं. आणि बघते तर तू माझ्या नातीपेक्षा लहान. तुला काही सांगायचं तर मीच तुला 'बाळ' म्हणावं अशी.

खाली पाटी होती: 'मतदानाचा हक्क बजावून परतणाऱ्या ग्रामीण स्त्रिया'. मी नातीला हाक मारली, म्हणाले, "ही माझी आय."

"आजी, नक्की का?"

"आय कुणाची हाय, तुझी का माझी?"

झालं. तिनं सगळ्यांना गोळा केलं. टाळ्या झाल्या, एक टाय लावलेला माणूस माझ्या पाया पडला. पुढच्या महिन्यात मी आईबद्दल बोलायचं असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं, आणि मी व्हय म्हणाले. म्हणायला नको होतं. कारण त्या तिघींत तिसरीच्या बोटाला शाई नव्हती हे त्या आख्ख्या इमारतीत मला एकटीलाच माहीत होतं. आणि का नव्हती, हे तर आता सगळ्या जगात मला एकटीलाच.

तुला आठवतंय का बघ. औंध ओलांडून पुढं आपली वस्ती, मागं वळलं की यमाईचा डोंगर दिसायचा. दिवाळी झाली की दादा आणि दोन्ही काका मेंढरं घेऊन खाली उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. एरवी तुम्हीपण जायचात, पण त्या साली तू बाळंतीण होतीस, म्हणून दोन्ही काक्या तुझ्यासाठी मागं राहिल्या. मी दोन वर्षं शाळेत जात होते. मास्तरांनी पहिल्यांदा काय लिहायला शिकवलं, तर आपलं पुरतं नाव. आपलं, बापाचं, आडनाव. घरात दादाला सगळे दादाच म्हणायचे, आणि तू तर नुसतं 'आवं'. बापाला दुसरं नाव असतं आणि ते मधोमध लिहायचं असतं, हे मला शाळेत कळलं. मी ते पाटीवर इतक्यांदा गिरवलं की पेन्सिल झिजून नखाएवढी उरली. आणि भाऊ झाल्यावर तू पाटी उतरंडीमागं सरकवलीस. "पोराला कोन धरनार? बास झाली शाळा." मी रडले तर म्हणालीस, "रड, पर त्येला मांडीवर घिऊन रड."

त्याच आठवड्यात मतदान. कोसावरच्या गावात, तिथल्या शाळेत. पहाटेच भाकरी थापून तू फडक्यात बांधल्यास, ठेवणीतलं लुगडं नेसलीस. तू इतक्या हुरूपानं कुठं निघालेली मी त्याआधी बघितली नव्हती. वाटेत धाकट्या काकीनं विचारलं, "आक्का, आत गेल्यावर काय करायचं वं?" आणि तू म्हणालीस, "पेटीत कागुद टाकायचा. राजाबी एकच टाकनार, आपुनबी एकच." हे तुला कुणी सांगितलं होतं ठाऊक नाही. साताऱ्याच्या प्रोफेसरांना हे सांगायला तासभर लागतो.

आत टेबलामागं एक साहेब, शहरातला, जाड चष्म्याचा, शेजारी कारकून. यादीत एकेका नावाच्या बाया लय, म्हणून प्रत्येकीला नवऱ्याचं नाव विचारतात. धाकटी काकी खाली बघते. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? तेव्हा तू पुढं होतेस. तो तुझा दीर, वयानं लहान, तुला चालतं. तू खणखणीत नाव सांगतेस. मधलीच्या नवऱ्याचंही तूच सांगतेस. दोघींच्या बोटाला शाई लागते, दोघी आत जाऊन येतात. मग तुझी पाळी येते आणि साहेब विचारतो, "तुमच्या पतीचं नाव?" तू काक्यांकडं बघतेस. त्यांचा तो थोरला दीर, त्यांच्या तोंडून ते नाव मेलं तरी निघायचं नाही. बाकी रांग परक्या गावची, त्यांना काय ठाऊक.

"द्येवाचं नाव हाय साहेब," तू म्हणतेस. "चैतात जत्रा भरती, त्या द्येवाचं."

"बाई, चैत्रात सगळ्याच देवांची जत्रा भरते."

कारकून म्हणतो, "मग उखाण्यात घ्या की," आणि रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. लग्नात उखाणा घेतात तो घरच्या माणसांत. टेबलामागच्या परक्या बाप्यांपुढं कोण घेईल? पण तू घाबरली नव्हतीस. तू हे सगळं घरूनच धरून आली होतीस, म्हणून तर मला बरोबर आणलं होतंस. माझ्या पाठीवर हात ठेवून तू म्हणालीस, "ही सांगंल की. शाळंत जाती."

शाळंत जाती, म्हणालीस. पाटी उतरंडीमागं आणि मी शाळेत जाते. माझ्या कडेवर तुझं पोरगं, त्यानं ओला केलेला माझा परकर. मला इतका राग आला, आये, की अजून आठवला तर कान तापतात. शाळा नको ना, मग शाळेत शिकलेलं नाव तरी कशाला पाहिजे, असं माझ्या डोक्यात आलं. साहेब वाकून म्हणाला, "सांग बाळ, वडलांचं नाव काय?" मी जमिनीकडं बघितलं. "मुकी आहे का?" तू म्हणालीस, "न्हाई वं, घरात लय बोलती." मग माझ्याकडं वळलीस. "सांग की गं." एकदा जोरात म्हणालीस, एकदा हळू. हळू म्हणालीस ते मला जास्त ऐकू आलं. मी ओठ मिटून उभी. मागून कुणी ओरडलं, रांग खोळंबली, साहेब म्हणाला, "बाजूला व्हा बाई, कुणाला तरी घेऊन या." कुणाला आणणार? दादा घाट उतरून गेलेला.

बाहेर तो फोटोवाला उभा होता. तिघींना एका रांगेत उभं केलं, बोटं वर करा म्हणाला. तू हात पदराखाली घेतलास. आयुष्य कमी होतं म्हणून त्या दिवशी का अडून बसली नाहीस? बहुतेक नाही म्हणायचं त्राण उरलं नव्हतं.

वाटेत तू मला मारलं नाहीस. मारलं असतं तर फिटलं असतं. भाऊ माझ्याकडून घेतलास आणि विचारलंस, "पाय दुखत्यात का?" एवढंच. तीन-चार दिवसांनी चुलीपुढं बसून विचारलंस, "तुला नाव येत न्हवतं व्हय?" मी म्हणाले, "न्हाई." तू जाळ पुढं सारलास आणि म्हणालीस, "पोरगं रांगाय लागलं की तुला परत धाडनार हुते. पर दोन वर्सं जाऊन बापाचं नाव येईना, तर कशाला त्या मास्तरच्या जिवाला घोर." म्हणजे मी तुझं मत घालवलं आणि त्याच तोंडानं माझी शाळाही. तेव्हाच सांगता आलं असतं, येतंय मला, लिहून दावते. नाही सांगितलं. दादा आल्यावर तू त्याला म्हणालीस, गर्दी लय हुती. पुढच्या निवडणुकीच्या आतच तू बाळंतपणात गेलीस. तुझा कागद कुठल्याच पेटीत पडला नाही.

मी मात्र एकही निवडणूक सोडली नाही. पलूसकडं सून म्हणून गेले तेव्हा पहिल्याच खेपेला मी नवऱ्याचं नाव टेबलावर हात आपटून सांगितलं. सासू आठ दिवस बोलली नाही, तेवढाच आराम. पण शाई लागली की माझा हात आपोआप पदराखाली जातो. नवरा विचारायचा, लाजतीस का? नात म्हणते, आजी, सेल्फी घेऊ, बोट दाखव. दाखवत नाही.

तर मागच्या शनिवारी मी बोलले. शाल, नारळ, माईक. म्हणाले, पाटी चुकलीय, माझ्या आईनं मत दिलं नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून ती तशीच माघारी आली. सभागृह हळहळलं. प्रोफेसर उठले आणि त्या काळच्या अडाणी रूढींवर बोलले, बायका कशा स्वतःच स्वतःच्या आड यायच्या, वगैरे. तुला अडाणी म्हणाले, आये. राजाबी एकच टाकनार म्हणणारीला. मी माईक धरून गप्प. मग पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक पोरगी उठली. "आजी, मग त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी नाव का नाही सांगितलं?" एवढे शिकलेले लोक बसले होते, हे एकाला सुचलं नाही. तिनं विचारलं आणि मी म्हणाले, "कुणी नव्हतं, बाळा." ती म्हणाली, "पण फोटोत तर एक मुलगी आहे." मी म्हणाले, "ती लय लहान होती." आणि खाली बसले. टाळ्या झाल्या.

आता नातीनं नवी पाटी लिहून आणलीय: 'पतीचे नाव घेण्याच्या संकोचामुळे मत न देता परतलेली स्त्री'. सोमवारी छापायला जाणार. रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की विचारते, "आजी, देऊ का?" मी म्हणते, थांब. तिला वाटतं मला अक्षरं लावायला वेळ लागतो. दोन्ही काक्या गेल्या, दादा गेला, ज्याच्यासाठी शाळा सुटली तो भाऊ तीन सालांमागं गेला. त्या दिवशी तिथं असलेलं एकच माणूस उरलंय, आणि ते आजही ओठ मिटून बसलंय. उद्या नातीला सांगणार आहे. म्हणणार, पाटीवर त्या पोरीचंही लिही, तिला नाव येत होतं. काल पण असंच ठरवलं होतं, आणि तिनं विचारल्यावर मी भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून विषय काढला.

हा कागद टाकायला पत्ता नाही. गुडघ्याच्या गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवीन. तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

मला एवढंच पाहिजे. तू पाटी उतरंडीमागं ठेवलीस तेव्हा ती पुसली नव्हतीस. तुला वाचता येत नव्हतं, पण तीन शब्द काठोकाठ लिहिलेले तुला दिसले होते. चुलीपुढं तू विचारलंस तेव्हा तुला ठाऊक होतं का, की मला येतंय? ह्याचं उत्तर तू दे. दादाला पुढं करायचं न्हाई, काक्यांना न्हाई, आणि मला तर मुळीच न्हाई. आता कुणी रांग लावून मागं उभं नाही. तुझ्या तोंडानं सांग.