जावयाचे पोट भरल्याचा दाखला

दि. ५ जून २०२६

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, जि. परभणी.

अर्जदार : उद्धव बन्सीधर रेंगे, सहशिक्षक, रा. झरी, हल्ली मुक्काम सासरवाडी, मौजे केळसावंगी.

विषय : अर्जदार तीन चमच्यांत पोटभर जेवतो, असा शासकीय दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : तलाठी साहेबांनी केलेला माझ्या ताटाचा पंचनामा.

महोदय,

१. सविनय कळवितो की, चैत्रात माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. जठराचा बराचसा भाग काढून टाकला असून उरलेले केळ्याएवढे आहे. पुढे काय काय होईल ते डॉक्टरांनी नीट समजावले होते. दोन-चार घासांत पोट भरेल, घासाचे पीठ होईस्तोवर चावावे लागेल, जेवताना पाणी प्यायचे नाही, थकवा येईल, केस गळतील, गोड खाल्ले तर घाम फुटून चक्कर येईल. सर्व तसेच घडत आहे, माझी तक्रार नाही. मात्र यंदा ज्येष्ठ अधिक आहे, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते.

२. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे, तुपात बुडवलेले धोंडे खाऊ घालतात, हे साहेब जाणतातच. मागच्या अधिकात मी एवढे खाल्ले की कणीक पुन्हा मळावी लागली. सासूबाई अनसूयाबाई यांनी ती गोष्ट गल्लीभर कौतुकाने सांगितली. यंदा मी तीन चमचे वरण-मऊभात खाऊन हात जोडले. त्या म्हणाल्या, "काय चुकलं आमचं? मीठ कमी हाय का?" मी सदरा वर करून टाके दाखविले. त्यावर, "एवढ्याशा भोकातून कुठं पोट निघतंय? कायबी सांगायलेत!"

३. तेव्हाच त्यांनी जाहीर केले, "जावई पोटभर जेवल्याबिगर मी घास घेणार न्हाई." रविवारपासून त्या केवळ चहावर आहेत. मेहुणा बजरंग माझ्याशी बोलत नाही. पत्नी राजेश्री म्हणते, "चार धोंड्यानं काय मरतेत का माणसं?" डॉक्टरांना फोनवर विचारले असता, शक्यता नाकारता येत नाही, असे ते म्हणाले.

४. निःपक्षपाती साक्षीदार म्हणून मी तलाठी साहेबांना बोलावले. सरकारी पाहुणा म्हणून त्यांचे पान माझ्या शेजारीच मांडले गेले. जेवून, पट्टा सैल करून त्यांनी लिहिले : "समक्ष पाहणी केली असता जावई काहीही जेवले नाहीत. स्वयंपाक उत्तम." खाली शिक्का. मी मंडळ अधिकाऱ्यांकडे हरकत घेतली. तेही नेमके पंगतीच्या वेळी आले आणि पंचनामा कायम करून, ढेकर देऊन गेले. आता ज्या खात्यांचा काही संबंध नाही, तिथूनही पुढची पाहणी कधी आहे म्हणून फोन येत आहेत.

५. साहेब, थट्टा पुरे. सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत, त्यांना शुगर आहे. काल मला वाढताना गरम वरणाची पळी त्यांच्या हातून निसटून माझ्या पायाजवळ पडली. भोवळ त्यांना आली होती, पण त्या विचारत होत्या, "तुमाला भाजलं न्हाई ना?" माझी आई मी लहान असतानाच गेली. जेव जेव म्हणून मागे लागणारे माणूस मला लग्नानंतरच मिळाले. माझे वजन वाढविण्यात त्यांचा मोठा हात आहे, हे खरे. पण मला त्यांच्या जिवाची फार भीती वाटते आहे. त्यांना काही झाले तर मी वाचून काय करू?

६. तरी माझे पोट भरते, असा दाखला मिळावा. नियमात बसत नसल्यास शासनाच्या कागदावर एवढेच लिहावे : "अनसूयाबाईंनी जावयाला काही कमी केले नाही." त्यांना वाचता येत नाही, म्हणून साहेबांनी स्वतः येऊन वाचून दाखवावे. जेवणाच्या वेळीच यावे. मात्र पान माझ्या शेजारी न मांडता त्यांच्या शेजारी मांडून घ्यावे, आणि त्यांनी पहिला घास घेईपर्यंत आपणही घेऊ नये. दारी आलेला पाहुणा उपाशी बसलेला त्यांना बघवत नाही.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
उद्धव बन्सीधर रेंगे

सोबत : १) शस्त्रक्रियेची कागदपत्रे. २) पंचनाम्याची प्रत (तुपाचे डाग मूळ प्रतीतलेच आहेत).