हन्नाच्या नावाचा दगड

रविवार, १२ जानेवारी. मोताळा.

आज सरांशी खोटं बोलले. दुसरं काय करणार होते?

गावात पूर्वी राहणाऱ्या ज्यू लोकांची माहिती आमचा नववीचा वर्ग गोळा करतोय. त्यांच्यातल्या एका मुलीची कबर आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहे, हे मीच हौसेनं सांगितलं. दगडावर वर अनोळखी अक्षरं आणि खाली आपल्या मराठीत, 'हन्ना, वय सात वर्षे'.

आज सगळे फोटो काढायला येणार म्हणून सकाळी गवत काढायला गेले, तर दगडच नाही. विहिरीवर पाण्याच्या मोटारीखाली नवा ओटा दिसला. सिमेंट अजून ओलं.

"बाबा, दगड काऊन काढला?"

"उद्या या कबरीपायी सरकारनं वावर घेतलं त खाशीन काय?" ते थापी धुवायला वळले. "कोणाले सांगू नको, बाई."

दुपारी सर धुऱ्यावर वाकून वाकून शोधत राहिले. "इथंच होता ना गं?"

"आठवत नाही, सर."

सात वर्षांची पोर. मराठीत लिहिलेलं तिचं नाव त्या ओट्यात पालथं पडलंय. मी वर्गात बोललेच नसते तर?

उद्यापासून मोटार चालू करायला मला त्याच ओट्यावर चढावं लागेल.