हिरवा रंग प्रोग्रॅममध्ये आहे

५ नोव्हेंबर १९७३
१. आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला.
२. स्क्रीन आली नाही. वर फक्त एका ओळीची पट्टी. अक्षरे लाल.
३. स्टोअरकीपर राधाकृष्ण म्हणाला, बाई, खोक्यात एवढंच हुतं.
४. स्टोअरकीपरशी तांत्रिक चर्चा करायची नाही, असे ठरवले.

स्क्रीन मागाहून येईल. माझा बेसिकमधला प्रोग्रॅम तयार आहे. ओळ २००, रंगीत स्क्रीनसाठी. ओळ ३००, काळ्या-पांढऱ्यासाठी. तिथे हिरव्याऐवजी ठळक अक्षरे. तिसरा प्रकार नसतो.

७ नोव्हेंबर
सोमवारी सेक्रेटरीसाहेबांसमोर प्रात्यक्षिक. ऊसगाड्यांचे नंबर कॉम्प्युटर लावणार. जमले तर मी नोकरीत कायम. नाहीतर पुन्हा राधाकृष्ण भोंग्यावरून गाड्यांचे नंबर पुकारणार.

गाडीवानांना इंग्रजी येत नाही. यार्डात उभे करून पाठ करून घेतले. हिरवा, गाडी गव्हाणीला, ऊस गाळपात टाकायला. पिवळा, थांबा. लाल, ऊस नाकारला, परत न्या. रंभाजी नावाचा गाडीवान विचारत होता, अन् अक्षरं? म्हटले, अक्षरांकडे बघूच नका.

१० नोव्हेंबर
स्क्रीन नाही. राधाकृष्णाने सगळ्यांदेखत विचारले, बाई, त्या पट्टीत हिरवं उमटतं का? मत्सर. हिरवा रंग प्रोग्रॅममध्ये आहे, एवढेच सांगितले. रंगीत स्क्रीन मी ट्रेनिंगच्या वेळी मासिकात स्वतः पाहिली आहे. फोटो काळा-पांढरा होता, पण खाली तसे लिहिले होते.

१२ नोव्हेंबर, दुपारी
पट्टीवर 'गव्हाणीला जा' या अर्थाचे इंग्रजी शब्द बिनचूक उमटले. लाल.

रंभाजीने खिडकीतून पाहिले आणि बैल वळवले. माझा ऊस नाकारती व्हय, म्हणाला, गुऱ्हाळवाला हात जोडून घेईल. मागची रांग त्याच्या मागे गेली. गव्हाण रिकामी फिरत राहिली. गाळप बंद.

साहेबांना सांगितले की गाडीवानांनी सूचना तंतोतंत पाळल्या, प्रशिक्षणात दोष नाही. साहेब उठून रिकाम्या गव्हाणीकडे गेले. पटले असावे.

१३ नोव्हेंबर
सकाळपासून राधाकृष्णाचा भोंगा. रंभाजीअण्णा, या, रुसू नका, बाईंचं मनावर घेऊ नका. सगळे परत आले.

साहेबांनी मला गव्हाणीपाशी हिरवे निशाण धरून उभे केले. म्हणाले, रंग तुम्हीच शिकवलेत, आता तुम्हीच दाखवा. रंभाजी जाताना म्हणाला, बाई, आजचा हिरवा खराच न्हवं?

कॉम्प्युटरवर स्टोअरचे गोणपाट घातले आहे.

साहेबांना लिहून दिले: रंगीत स्क्रीन कधी येणार, आणि तोवर निशाण मीच धरायचे काय, याचे लेखी उत्तर कृपया शनिवारपर्यंत द्यावे.