आठवी पिन

४ मार्च
सही केली. करायला नको होती!

नियम साधा आहे — एकाचे हात, दुसऱ्याचे डोळे, मग दोघांच्या सह्या. परग्रहावरचे भूकंप मोजणारं आमचं उपकरण आज डब्यात बंद व्हायचं होतं. नेताआणताना आतला लंबक हलू नये म्हणून त्याला आठ पिना लावलेल्या असतात. त्यातली एक जरी आत राहिली, तर तिथे जमीन दुभंगली तरी इथे कुणाला पत्ता लागणार नाही. मास्तर पिना काढत होते. आणि मी, त्यांचे डोळे, काचेपलीकडून हाका मारणाऱ्या तपासनीस बाईंना उत्तरं देत बसले. वळून बघते तर ट्रेमध्ये सातच.

"आठवी?"

"काढली की. खिशात असेल." आणि वर, "बावीस वर्षांत कधी चुकलोय का गं?"

ज्यांनी मला स्क्रू कसा धरायचा ते शिकवलं, त्यांना उलट काय बोलणार?

५ मार्च
चहा पिता पिता एकदम आठवलं. त्या धूळमुक्त खोलीत घालायच्या आमच्या झग्यांना खिसेच नसतात!

८ मार्च
डबा बंद झाला का, असं मास्तरांनी आज दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी हसून वेळ मारून नेली.

११ मार्च
परवा डबा यानावर चढणार. मग उघडणं नाही. सांगावं तर मास्तरांची अब्रू जाते, न सांगावं तर सगळ्यांचं बारा वर्षांचं काम. नवरा म्हणाला, "नसेलही आत. कशाला म्हाताऱ्याला उघडं पाडतेस?" नसेलही. पण असली तर? भित्री आहे मी, दुसरं काय!

१२ मार्च
सांगितलं. तपासनीस बाई माझ्यावरच उखडल्या — "न बघता सही? शाळेचं प्रगतिपुस्तक आहे का हे?" बरोबरच होतं त्यांचं.

दुपारी डबा उघडला. पिन होती. जागच्या जागी, घट्ट. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "काढली होती गं मी. खरंच काढली होती." त्यांना घरी पाठवलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. वाईट वाटलंच, पण सुटलो एकदाचे!

१५ मार्च
मास्तरांकडे जाऊन आले. काकू दारापर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, "हे विसरणं कधीपासून?"

"तीन वर्षं होतील. कामावर असले की बरे असतात, म्हणून बोलले नाही कुणाला."

तीन वर्षं! आमचं आधीचं उपकरण उडालं त्याला सव्वा वर्ष झालं. ते अजून वाटेत आहे, पोचायला सात महिने. त्याच्याही कागदावर दोनच सह्या — मास्तरांची आणि माझी.

तेव्हा मी बघत होते का? आठवत नाही.