दोन गाठींची सुतळी

धसई, तालुका मुरबाड
मार्गशीर्ष, शके १८६०
(५ डिसेंबर १९३८)

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी धोंडूबाई वहिनी यांचे चरणी,

बालक कमळाकर (वय वर्षे एक्कावन्न) याचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार सांप्रत कागदावरच स्वीकारावा. शास्त्रकारांनी साष्टांगात पाठीची गणना केलेली नाही. तथापि तिच्या संमतीवाचून उरलेली आठही अंगे भूमीपर्यंत पोहोचत नाहीत, हे सत्य गेल्या भाद्रपदात मला प्रत्यक्षानुभवाने अवगत झाले. येथील बाकी कुशल. शेणव्याची थंडी तुमच्या प्रकृतीस मानवते की नाही, ते कळवावे.

हे पत्र तुमचे बंधू रघूभाऊ वाचून दाखवतील असे मी गृहीत धरतो. त्यांना सांगावे की जो संस्कृत शब्द अडेल तो गाळून पुढे जावे, अर्थाची हानी होत नाही. माझे विद्यार्थी एकोणतीस वर्षे हेच करीत आले आहेत.

तुम्ही शेणव्यास माहेरी गेल्याला येत्या पौषात वर्ष होईल. एवढ्या अवधीत मी एक संस्था स्थापन केली आहे, हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. लावावा. परंतु आधी उत्पत्ती ऐकावी.

तुमच्या पश्चात पाणी भरणे हा विषय मजकडे आला. भाद्रपदातल्या एका सकाळी भरलेली कळशी घडवंचीच्या लाकडी फळीवर टेकवण्यास मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. कळशी स्थानापन्न झाली, मी होईना. शाळेची घंटा झाली, पोरांचा कोलाहल ऐकू येऊ लागला, आणि त्यांचे हेडमास्तर स्वयंपाकघरात भूमीचे सूक्ष्म निरीक्षण करीत उभे. अशा समयी वरच्या वाडीतली बाईजा, जी आपल्याकडे लाकडाची मोळी घालते, ती मागल्या दारी आली.

“मास्तर, काय हुडकता?”

“काही नाही, बाईजा. मला वर येता येत नाही.”

“मंग तसं बोला ना! हाक मारायला पन कंबर लागते का?”

तिने व तिचा नवरा भिमा याने माजघराचे दार बिजागरीतून काढून जमिनीवर टाकले आणि त्यावर मला ठेवले. तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, आणि मी हललो की शिव्या, असा त्रिविध उपचार एकवीस दिवस चालला. दिवस मी मोजले, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. एकवीस दिवसांचे तुमच्या अकरा वर्षांशी प्रमाण किती, हे गणित समोर आले होते. ते मी सोडवले नाही.

उठल्यावर मी ‘पृष्ठव्यथा-परिहारक मंडळ, धसई’ याची प्रतिष्ठापना केली. गाव त्याला कंबरमंडळ म्हणतो. दामू सुताराने नऊ फळ्या रंधा मारून दिल्या आहेत. ज्याची पाठ धरेल त्याच्या घरी फळी पोहोचते, वाळूची पुरचुंडी पोहोचते, आणि बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओटीवर शेक मिळतो. बाईजा मुख्य चिकित्सक. मी लेखक, वक्ता आणि उदाहरण. भाताची आवणी करून मोडलेल्या बाया, पोती वाहणारे हमाल, गाडीवान, सगळे येतात. वहिनी, एवढ्या माणसांच्या पाठी दुखतात हे मला ठाऊक नव्हते. ती माणसे तर रोज माझ्या दारावरूनच जात होती.

मंडळाचा नियम एकच आहे : पाठ दुखते असे जो सांगेल त्याला ‘खरंच का?’ असे कोणीही विचारायचे नाही. हा नियम मी घातला. का घातला ते येथे लिहीत नाही.

अध्यक्षपद रिक्त आहे. त्या पदास योग्य व्यक्ती माझ्या माहितीत एकच आहे. उत्तराची वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक,
कमळाकर


धसई
माघ, शके १८६०
(१२ फेब्रुवारी १९३९)

तीर्थस्वरूप वहिनींचे चरणी, पूर्ववत कागदी नमस्कार.

उत्तर आले नाही. आले नाही याची तक्रार नाही. टपाल वाशिंदवरून फिरून येते, रघूभाऊंना शेतीची कामे असतात, अशी दहा कारणे मी स्वतःला सांगितली आहेत. अकरावे मला ठाऊक आहे.

आज लिहिण्याचे प्रयोजन निव्वळ तांत्रिक आहे.

वाडीवरून धसईस येणाऱ्या पायवाटेवर बाया डोक्यावर मोळ्या घेऊन दोन कोस उतरतात. वाटेत विसावा घ्यावा तर मोळी जमिनीवर टाकावी लागते, आणि पुन्हा डोक्यावर घ्यायची तर उचलू लागायला दुसरी बाई हवी. ती नसेल तर एकटीने गुडघ्यावर बसायचे, मोळी डोक्यावर ओढायची आणि पाठीच्या बळावर उभे राहायचे. आमच्या ओटीवर येणाऱ्या निम्म्या पाठी ह्या एका क्रियेत मोडलेल्या आहेत. तेव्हा मंडळाने ठराव केला की वाटेवर आंब्याखाली एक उंच दगडी चौथरा बांधावा. बाईने त्याला पाठ लावून उभे राहायचे, मोळी मागे त्यावर सरकवायची, श्वास घ्यायचा आणि न वाकता पुन्हा डोक्यावर घेऊन चालू लागायचे.

दगड वाडीने वाहिले, चुना गावाने दिला, बांधकाम मंगळू गवंड्याने केले. मापाचा भार मी स्वतःच्या शिरावर घेतला. दुर्दैवाने हे वाक्य शब्दशः खरे आहे. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, माझ्या मस्तकापाशी रेघ ओढून घेतली आणि म्हणालो, “प्रमाणम्!”

उद्घाटनास सगळी वाडी लोटली. मी मानवी पृष्ठवंशाचा महिमा या विषयावर अर्धा तास बोललो. मग ठकी नावाची बाई मोळी घेऊन चौथऱ्याला टेकली. चौथरा तिच्या मोळीच्या वर आला. ठकीने मान वळवून वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“मास्तर, शिडी कुठं ठेवली?”

वहिनी, त्या दिवशी वाडी जितकी हसली तितकी मी एकोणतीस वर्षांच्या विनोदाने कोणाला हसवू शकलो नव्हतो. बाईजा तर खाली बसली. “देवानं वझं आमच्या डोईवर दिलं,” ती डोळे पुसत म्हणाली, “आन् माप घेतलं मास्तरच्या डोईचं!”

मी हसलो नाही. जिच्यासाठी बांधायचे तिला विचारायचेच राहिले, ही चूक माझ्या हातून पहिल्यांदा घडलेली नाही.

मंगळू म्हणतो, “एकदाच फोडीन, मास्तर. दुसऱ्यांदा पहार हातात घेणार नाय.” म्हणून अचूक माप हवे. मी सुतळी घेऊन बाईजाकडे गेलो तर ती दोन पावले मागे सरली. “जित्या बाईला दोरी लावत नायत आमच्यात. ती मेल्यावर लावतात.” खडूची रेघ ओढू का, विचारले. “रेघ पन तीच.” मग कोणाचे माप घेऊ? तेव्हा म्हणाली, “तुमच्या वैनीला विचारा. मोठ्या वैनी नि मी एका उंचीच्या. हंडा वाहून वाहून त्यांना ठावं असंल, वझं कुठं टेकवावं ते.”

तेव्हा विनंती अशी. तुम्ही डोक्यावर हंडा घेऊन उभ्या राहिलात, तर तो कोणत्या उंचीवर टेकवला असता पाठीला ताण पडणार नाही? हे माप कळवावे. मजकूर लिहिण्याचे कारण नाही. माप पुरे.

मंगळू शिमग्यानंतर कामास लागतो, तोवर माप यावे.

आपला,
कमळाकर


धसई
चैत्र, शके १८६१
(१० एप्रिल १९३९)

तीर्थस्वरूप वहिनी,

पाकीट पोहोचले. आत पत्र नव्हते, सुतळी होती. तिला दोन गाठी होत्या.

वरच्या गाठीचे आधी सांगतो. मंगळूने चौथऱ्याचे तीन थर उतरवले, शेवटचा दगड गाठीशी मिळवला आणि पहार खांद्यावर टाकून विडी पेटवली. या खेपेस भाषण नव्हते. बाईजा मोळी घेऊन आली, पाठ लावली, मोळी मागे सरकवली. ती रिकामी उभी राहिली. दोन्ही हात खाली सोडून, वाटेच्या मध्यभागी, काही न धरता. मग म्हणाली, “हां.” तेवढेच. मागाहून ठकी आली, आणखी चौघी आल्या, आणि चौथऱ्याशी रांग लागली. आता तेथे गप्पा इतक्या रंगतात की बाजारात लाकूड उशिरा पोहोचते, अशी तक्रार माझ्याकडे आली आहे. ती मी सन्मानपूर्वक दप्तरात ठेवली आहे. बाया त्याला वैनीचा चौथरा म्हणतात. हे नाव मी दिलेले नाही.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. परवा दामू चामड्याचा कंबरपट्टा बेतत होता, आणि बाईजाने त्याच्याकडून सुतळीने खुशाल कंबर मोजून घेतली. मी म्हणालो, “बाईजा, जित्या बाईला दोरी?” ती म्हणाली, “तवा तुमच्याकडून पत्र लिववायचं होतं, मास्तर. आता काय?” आमच्या मंडळातील सर्वांत विद्वान व्यक्ती कोण, याचा निकाल असा लागला.

आता खालची गाठ.

रघूभाऊंना माझी विनंती आहे. येथून पुढे एकही शब्द गाळू नये, आणि मोठ्याने वाचावे. ओटीवर कोणी बसले असेल तर त्यांनाही बसू द्यावे. माझा अपराध चारचौघांत घडला होता.

खालची गाठ कशाची ते तुम्ही लिहिले नाहीत. मलाही विचारावे लागले नाही. ती कमरेएवढी आहे. “भावजी, ही घडवंची कमरेएवढी उंच करून द्या हो, वाकवत नाही,” असे तुम्ही अकरा वर्षांत मला तीनदा सांगितलेत. पहिल्यांदा मी म्हणालो, परीक्षा होऊन जाऊ द्या. दुसऱ्यांदा मी कटिव्यायामावर व्याख्यान दिले. तिसऱ्यांदा आपल्याकडे शाळातपासणीचे डेप्युटीसाहेब जेवायला होते. तुम्ही कमरेवर हात ठेवून वाढत होता. त्यांनी कारण विचारले, तुम्ही सरळपणे सांगितलेत की घडवंची बुटकी आहे, भावजींना सांगितले आहे. पाहुण्यांसमोर मला कमीपणा वाटला. मी तत्काळ श्लोक रचला :

कटिपीडा महादेवी कर्मकाले प्रकाशते

साहेबांना ठसका लागेपर्यंत हसू आले. तुम्हांला संस्कृत येत नव्हते, पण आम्ही दोघे कोणाकडे पाहून हसतो हे कळायला संस्कृत लागत नाही. तुम्ही वरणाचे भांडे पाटाशेजारी ठेवलेत आणि आत गेलात. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जोडून शेणव्यास गेलात. मी अडवले नाही. अर्थही सांगितला नाही. आज सांगतो : कंबरदुखी नावाची ही महादेवी कामाच्या वेळेसच प्रकट होते. म्हणजे मी चारचौघांत तुम्हांला ढोंगी म्हणालो.

ते खोटे होते. मला ते खोटे असल्याचे तेव्हाही ठाऊक होते. आईला तुम्ही सहा वर्षे अंथरुणावरून दोन्ही हातांनी उचलून बसवत होता, दिवसातून चारदा. मी उशाशी बसून स्तोत्र म्हणत असे. स्तोत्राला वजन नसते. तुमची पाठ कशाने गेली हे त्या घरात मला जितके ठाऊक होते तितके दुसऱ्या कोणालाच नव्हते. तरीही मी हसलो आणि दुसऱ्याला हसवले. वहिनी, माझे चुकले. याहून मोठा शब्द मला सापडला नाही, शोधलाही नाही.

एवढे झाल्यावरही तुम्ही सुतळी पाठवलीत. ज्या बायांपैकी बहुतेकींना तुम्ही पाहिलेही नाही त्यांच्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन भिंतीशी उभ्या राहिलात, दुखत्या पाठीने. माझ्याकरता पाठवली नाही हे मी जाणतो. तरी ती माझ्या हातात आली, याबद्दल मी आजन्म कृतज्ञ आहे. बाईजाने मला दारावर ठेवून उठवले. तुम्ही मला चौथऱ्याशी उभे करून दाखवलेत की माप कोणाचे घ्यायचे असते. दोघींपैकी कोणी मला तसे बोलून दाखवले नाही.

घडवंची उंच केली. दामूने चार पायांखाली चार दगड दिले आणि वर नवी फळी ठोकली. खालच्या गाठीशी बरोबर जुळली. या कामाला किती वेळ लागला म्हणाल तर त्याने तोंडातले पान पुरते चघळूनही झाले नव्हते. तेवढ्या वेळासाठी तुम्ही अकरा वर्षे वाकलात.

परत या, असे लिहिण्याचा मला अधिकार नाही, आणि मी ते लिहीत नाही. आलात तर पाणी मीच भरतो, याची नोंद असावी. अध्यक्षपद रिक्त आहे. तुम्ही शेणव्यातूनही भूषवू शकता. तेथे ज्याची पाठ धरली असेल त्याचे नाव रघूभाऊंनी कळवावे. दहावी फळी तयार आहे.

या पत्राच्या आरंभी नमस्कार लिहिला नाही, हे रघूभाऊंच्या ध्यानात आले असेल. तो आज सकाळी घातला. स्वयंपाकघरात, घडवंचीपाशी, शेणव्याच्या दिशेस तोंड करून, आठही अंगांनी. उठता येईना म्हणून बाईजाला हाक मारावी लागली. तिने हात दिला, धूळ झटकली आणि काही विचारले नाही. मंडळाचा नियम आहे.

तुमचा अपराधी, तुमचा ऋणी,
भावजी