दाराजवळची जागा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही असताना जे सांगितलं नाही ते आज लिहायला बसले आहे.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली तेव्हा वर्गात निम्मीच मुलं उरली होती, आणि उरलेली बोलत नव्हती. तुम्ही उदगीरहून नव्यानंच आलेल्या. आठ दिवस हजेरी घेतलीत, कोणी ‘हजर’ म्हणेना. मग एका दुपारी पुस्तक मिटून तुम्ही आमच्यात सतरंजीवर येऊन बसता आणि सांगता, “माझं तान्हं तापानं गेलं, तेव्हा मी परीक्षेला बसले होते. पेपर चांगला गेला म्हणून हसत घरी आले.” मग मागून एक पोरगा म्हणतो, “बाई, आमची म्हैस लई वरडली व्हती.” त्याच्यामागून दुसरा बोलतो, मग एक मुलगी. शाळा सुटेपर्यंत सगळा वर्ग एकमेकांना खेटून बसला होता. मी तेवढी म्हणाले, “मला काई आठवत न्हाई.” तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ दे. माझ्यापाशी बस.”

मला सगळं आठवत होतं. धाकटा भाऊ रोज दाराजवळ निजायचा. गणपती बुडवून आलो त्या रात्री उकडत होतं म्हणून मी त्याला भिंतीकडं ढकललं आणि त्याच्या जागेवर झोपले. “ताई, माझी जागा हाय ती,” तो कुरकुरला. मी पाठ फिरवली. पहाटे भिंत पडली. लोकांनी मला दारातून ओढून काढलं.

पुढं तुम्ही नांदेडला दवाखान्यात होतात, तेव्हा मी भेटायला आले. माझा हात धरून म्हणालात, “तुझं सांगायचं ऱ्हायलंच की गं.” मी बीएस्सीचे मार्क सांगितले. “छान,” म्हणालात. महिन्याभरात गेलात.

आता मी लातुरात क्लासला आलेल्या मुलींचं वसतिगृह सांभाळते. यंदा बिलोलीकडची एक मुलगी तीन दिवस ताटाला शिवली नाही. समजावलं, रागावले, “काई न्हाई मॅडम,” एवढंच. परवा दुपारी स्वयंपाकघरात ती समोर बसली होती, आणि कसं कोण जाणे, मी तिला भावाचं सांगून टाकलं. जागेसकट. पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा हात थांबला. मुलीनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. “मॅडम, मी पप्पाला रोज खोटे मार्क सांगून राहिले,” म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. मी फोन लावून दिला. तिनं खरे मार्क सांगितले. पलीकडून वडील म्हणाले, “जेवलीस का?”

ती जेवत होती आणि मला तुम्ही दिसत होतात. बाई, हसत घरी येण्याचं ते दुःख तुम्ही एवढ्या वर्गासमोर मांडलंत. सगळी मुलं आपापलं बोलली, पण तुमच्यासारखं, आपलीच चूक उराशी धरून जगणारं त्या शेडमध्ये दुसरं कोणी असेल तर ती मी होते. दवाखान्यात तुम्ही कदाचित माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी विचारत होतात. हे मला आत्ता कळतंय.

हे पत्र वहीतच राहील. तुम्हाला लिहिता आलं, कारण तुम्ही नाही आहात. आई आहे. नव्या गावठाणातल्या घरात, गणपती बुडवून आले की दरवर्षी विचारते, “त्या दिवशी त्याला कशी गं बुद्धी झाली भिंतीकडं निजायची?” मी म्हणते, “काय की.” यंदाही तेच म्हणाले.