हाक तर यानंच मारली

३ नोव्हेंबर १९९५, नेरडीगोंडा

आजपासून मी टेलिफोनवाला. तलमडुगूला बापूजींच्या दुकानात वांगी तोलून तोलून कंटाळलो होतो. त्यात मावल्याच्या चंपतरावांनी इथे हायवेला एसटीडी-आयएसडी बूथ काढला आणि चालवायला माझ्यासारखा बोलका माणूस हवा म्हणाले. बडबडीचा पगार मिळतो हे आमच्या घरात कुणाला खरं वाटेना. काचेची खोली, लाल फोन, आकडे पळवणारं मीटर आणि मागे झोपायला जागा. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. बायको रुख्मिणी म्हणाली की, खोली नीट असंन तर संक्रांतीनंतर मले बी न्या. खोली नीट आहे. पाली जरा जास्त आहेत, ते तिला सांगितलेलं नाही.

१० नोव्हेंबर

इथे लोक फोन करायला कमी आणि घ्यायला जास्त येतात. बऱ्याच घरांतली पोरं मस्कत-दुबईला आहेत. ती तिकडून आमच्या नंबरावर फोन करतात, अमक्याला बोलवा म्हणतात आणि ठेवून देतात. मग मी शटर अर्धं ओढून गल्लीत जायचं आणि हाक मारायची. तो माणूस येईपर्यंत फोन पुन्हा वाजतो. माझा आवाज खणखणीत. हाक एकाला मारली तरी अर्धी गल्ली येते. बाया पिठाच्या हातांनी धावतात, रिसीव्हर उलटा धरतात. तो मी सरळ करून देतो आणि सांगतो की बोला, मस्कतहून आहे. मी सांगितल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. लग्नातल्या भटजीसारखा मान आहे माझा.

२१ नोव्हेंबर

आज राहीबाईला बोलावून आणलं. तिचा नागोराव मस्कतला आहे. आधी कुणी सभ्य माणूस हिंदीत बोलला, मग नागोराव रडत रडत बोलला. त्याला तिकडे जेलात टाकलंय. सोडवायचं तर हायवेच्या ढाब्यावर माणूस येईल, घरात असेल ते त्याच्या हवाली कर आणि गावात बोलू नकोस. राहीबाईने मला विचारलं की, हे खरं असंन काय. मी म्हणालो की फोन परदेशातलाच आहे. तिकडची खरखर आणि मागाहून येणारा आवाज मी आता ओळखतो. तिने कापसाचे पैसे आणि गळ्यातली पोत देऊन टाकली. मला तिची फार दया आली.

४ डिसेंबर

नागोरावचा फोन आला. हसत होता. कुठलं जेल, म्हणाला. मी राहीबाईला आणलं, पण ती रिसीव्हर मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. आतून तो आई, आई म्हणून ओरडत होता. ती म्हणाली की, तो बी असाच बोलला होता, याच आवाजात. आता कोणता माया पोरगा, मी कसं सांगू. तिने रिसीव्हर माझ्या हातात ठेवला आणि उठून गेली.

संध्याकाळपर्यंत अशी फसलेली आणखी घरं निघाली. सगळ्यांना हाक मारून मीच आणलं होतं.

१२ डिसेंबर

पोलीस येऊन गेले. चंपतराव म्हणाले की फोन त्यांच्या नावावर आहे, पण धंदा सगळा मोतीराम पाहतो. मोतीराम म्हणजे मी. फसवणुकीचा गुन्हा माझ्यावर लागला.

सरकारी वकील सुधाकरराव माणूस वाईट नाही. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. आवाज समुद्रापलीकडे बसलाय. त्याच्यासाठी कागद हैदराबादला जाणार, तिथून दिल्लीला, दिल्लीहून त्या देशाला. तो देश विचारणार की माणसाचं नाव काय, चेहरा कसा. आपल्याकडे दोन्ही नाही. साक्षीदारांना कोर्टात एकच आवाज ओळखता येतो. राहीबाईने माझ्याकडे न बघता सांगितलं होतं की, हाक तर यानंच मारली साहेब, आमी दुसऱ्या कोणाचं तोंडच पायलं नाही.

१६ डिसेंबर

जमानत मिळाली. मुचलका, म्हणजे लिहून दिलेली अट, असा की बूथ सोडायचा नाही, येईल तो फोन घ्यायचा. आवाज पुन्हा आला की एक्स्चेंजवाले माग काढतील म्हणे. उंबरा ओलांडला तर मुलजिम, म्हणजे आरोपी, फरार, आणि मग कोर्टाला दुसरा कुणी शोधायची गरजच उरत नाही. बाहेर लक्ष्मणराव जमादार खुर्ची टाकून बसलेत. हॉटेलवाला मला चहा देत नाही. शेळी बांधतात तसं मला बांधलंय, वाघासाठी. मला भीती वाटते.

२० डिसेंबर

फोन आला. खरखर. मी हॅलो, कोण, कोण बोलतंय म्हणत राहिलो. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसतं ऐकत होतं. एक्स्चेंजवाले म्हणाले की मुंबईपर्यंत माग लागला, पुढे समुद्र.

२३ डिसेंबर

आजही तेच. तो बोलत नाही, मला बोलायला लावतो. फोन घेतला नाही तर मुचलका मोडतो. घेतला तर—

२५ डिसेंबर

भरदुपारी तीन बाया बूथवर आल्या. म्हणाल्या की तुमीच तर आत्ता दारात येऊन हाक मारली. मी जागचा हललो नव्हतो. जमादारांना विचारा म्हणालो. जमादारांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले की, गल्लीतून हाक मी बी आयकली. तुयाच आवाजात. अन् तू माया डोयासमोर बसून होता.

२६ डिसेंबर

जमादार रजेवर गेले. खुर्ची रिकामी. सुधाकररावांना कळवलं. ते म्हणाले की अशी साक्ष कोर्टात कशी देणार.

आज गल्लीतली सगळी दारं बंद.

२८ डिसेंबर, सकाळी

तलमडुगूच्या बूथला फोन लावला. तिथल्या माणसाने रुख्मिणीला हाक मारून आणलं. मी म्हणालो की माझ्या नावाने कुणी काही सांगितलं तर ऐकू नकोस, घर सोडू नकोस.

ती बोलेचना. नुसता श्वास.

मग हळूच म्हणाली की, पहाटंच त्यांचा, माया नवऱ्याचा, फोन आला होता. त्यांनी सांगितलं, माया आवाजात दुसराच कोणी बोलंन, त्याचं आयकू नको. त्यांनी मले ढाब्यावर बोलावलं, मी निघूनच राह्यले.

कोणत्या ढाब्यावर ते सांगितलं नाही. ठेवून दिला.

दुपारी

पुन्हा लावला. तिथला माणूस म्हणाला की ती केव्हाच गेली. सगळे दागिने अंगावर घालून—

जाऊ तर कुठे जाऊ. हा रस्ता नागपूरपासून हैदराबादपर्यंत, ढाबेच ढाबे—

उंबऱ्यावरून हाका मारतोय. बस अडवा, माझी बायको आहे, कुणीतरी जा. घसा बसला. एक दार उघडत नाही. माझ्या हाकेला आता कोण—

शटरबाहेर पाय टाकतोच. फरार तर फरार—

फोन वाजतोय.

आता तिचाच आवाज असेल. रडत असेल. ती नाही हे मला कळेल, आणि तरी मी तो आवाज सांगेल ते सगळं—

वाजायचा थांबत नाही. खरंच तीच असली तर. मी उचलतो, आणि जर ती—